क्रोशाचे चौकडीचे टेबलमॅट, रनर, टेबलक्लॉथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौकडीचं काम करायला घेतलं की बहुतेकांना तेच प्रश्न पडतात, दोरा कुठला, किती, रंग बदलताना मागे लोंबणारे धागे कुठे लपवायचे, आणि हळद पडली की काय. म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. साखळी, मुका खांब (सर्वात बुटका टाका) आणि खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेला) एवढं येतंय असं धरून चाललेय. इंग्रजी पॅटर्न वाचत असाल तर आधी तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते बघा, कारण आपला मुका खांब म्हणजे अमेरिकनांचा सिंगल क्रोशे पण ब्रिटिशांचा डबल क्रोशे, आणि आपला खांब अमेरिकनांचा डबल तर ब्रिटिशांचा ट्रेबल. हे न बघता सुरू केलं तर सगळं मापच बदलतं.

चौकडीच का? फुलांचे, पाकळ्यांचे इतके सुंदर डिझाइन असताना?

फुलं सुंदरच असतात, पण मला जेवणाच्या टेबलावर रोज वापरता येईल असंच काहीतरी हवं असतं. आपल्याकडे क्रोशाचं काम रुखवतात मांडलं जातं, सगळ्यांनी कौतुक केलं की ते ट्रंकेत जातं आणि तिथेच पिवळं पडतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. चौकडीचं काम वापरायला सोपं असतं. तीन छटा असल्यामुळे आमटीचा बारीक शिंतोडा पटकन डोळ्यात भरत नाही, सपाट असल्यामुळे ताट वाटी हलत नाही, आणि विणताना डोक्याला ताप नाही, कारण प्रत्येक चौकोन सारखा, मोजणी एकदा बसली की टीव्ही बघत गप्पा मारत होतं. शिवाय जाळीत भांड्याचा काठ किंवा चमचा अडकतो तसं इथे होत नाही.

चौकडी विणायच्या पद्धती किती आणि मी कुठून सुरुवात करू?

मी चार वापरते. एक म्हणजे गिंगम, म्हणजे गडद, मध्यम आणि फिका असे तीन चौकोन असलेली ती ओळखीची लाल पांढरी किंवा निळी पांढरी चौकडी. दुसरी फिले, एकाच रंगात भरीव आणि पोकळ घरं. तिसरी, आधी आडव्या पट्ट्यांची जाळी विणायची आणि मग जाळीतून उभ्या साखळ्या ओवायच्या, की मद्रास लुंगीसारखे चेक्स तयार. चौथी, सुटे चौकोन करून जोडायचे. अगदी नवीन असाल तर तिसरी घ्या, तिच्यात ओळीच्या मधे रंग बदलायची भानगडच नाही. दोन चार वस्तू आधी झाल्या असतील तर सरळ गिंगम घ्या.

गिंगममधला मधला रंग कसा निवडायचा? दुकानात बरोबर मधली छटा मिळतच नाही.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर मला फार आवडतं. मधली छटा विकत घ्यायचीच नाही, ती बनवायची. बारीक दोरा घ्या आणि दोन पदर एकत्र धरून विणा. दोन्ही पदर लाल म्हणजे गडद चौकोन, दोन्ही पांढरे म्हणजे फिका, एक लाल एक पांढरा म्हणजे मधला, बस. मागावरच्या खऱ्या कापडातही हेच असतं, उभा धागा रंगीत आणि आडवा पांढरा असा जिथे एकमेकांना छेदतो तिथे मधली छटा दिसते, ती वेगळी रंगवलेली नसते. त्यामुळे या पद्धतीने केलेली चौकडी लांबून खरोखर कापडासारखी दिसते. तीन वेगळ्या रंगांचे दोरे घेऊन ते कधीच येत नाही असं माझं मत आहे.

तरी तीन शेड्सच घ्यायच्या असतील तर तिन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. त्यात मधला खरोखर मधोमध राखाडी दिसला तरच घ्या. डोळ्याला गुलाबी आणि लाल वेगळे वाटतात पण कधी कधी फोटोत दोन्ही जवळपास सारखेच गडद येतात, आणि मग चौकडी दिसतच नाही, नुसते पट्टे दिसतात.

दोन पदरांनी विणताना गुंडे किती लागतात? गुंता होत नाही का?

एकूण चार, दोन रंगीत आणि दोन पांढरे, पण एका वेळी हातात तीनच. नीट समजून घ्या. पहिल्या पट्टीत, म्हणजे चौकोनांच्या पहिल्या आडव्या रांगेत, गडद आणि मधला असे चौकोन आळीपाळीने येतात. म्हणजे एक लाल पदर पूर्ण पट्टीभर कायम आहे, फक्त दुसरा पदर लाल की पांढरा एवढंच बदलतंय. दुसऱ्या पट्टीत मधला आणि फिका येतात, म्हणजे तिथे पांढरा पदर कायम आणि दुसरा पुन्हा लाल, पांढरा, लाल असा बदलता. कायमचा पदर मधे सोडायचाच नाही, एकाच पदराची अदलाबदल करायची. हे एकदा हाताला कळलं की पुढे डोकं लावावं लागत नाही.

गुंता टाळायला गुंडे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, झाकण नसलेले उभे स्टीलचे डबे चांगले, जड असतात म्हणून ओढले जात नाहीत. आणि ओळ संपली की काम एकदा उजवीकडून फिरवा, पुढच्या ओळीला डावीकडून, म्हणजे बसलेला पीळ आपोआप सुटतो.

रंग बदलतो तिथे चौकोनाची कड वाकडी तिकडी येते, टाका अर्धा लाल अर्धा पांढरा दिसतो.

कारण रंग एक पायरी उशिरा बदलला जातोय. नवीन चौकोनाचा पहिला टाका सुरू करताना नाही, जुन्या चौकोनाचा शेवटचा टाका पूर्ण करताना बदलायचा. म्हणजे शेवटच्या मुक्या खांबात सुईवर दोन फास उरले की नवीन पदर घेऊन तो त्या दोन्हींतून ओढायचा. टाक्याच्या डोक्यावरचा फास पुढच्या टाक्याचा असतो, म्हणून तो नव्या रंगाचा हवा. एवढ्या एका गोष्टीने कडा सरळ येतात.

नको असलेला पदर कुठे न्यायचा?

मागच्या ओळीच्या डोक्यावर आडवा ठेवायचा आणि त्याच्यावरून टाके घालत जायचं, तो आत लपतो आणि काम दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसतं. प्रत्येक चौकोन झाला की काम हलकंसं ताणून बघा, आतला पदर आखडला असेल तर तिथेच कळतं. नाहीतर मॅट मधे आकसतो आणि कडा लाटेसारख्या उठतात, आणि ते नंतर कितीही इस्त्री केली तरी जात नाही.

फिक्या चौकोनातून आतला लाल थोडा डोकावणार. मुका खांब घातला तर अगदी कमी, उंच खांब घातला तर बराच, कारण खांबांच्या मधे फटी असतात. म्हणूनच गिंगम मी मुक्या खांबातच करायला सांगते, वेळ जास्त लागतो पण मॅट भरीव होतो.

एका चौकोनात किती टाके आणि किती ओळी?

मुका खांब रुंदीपेक्षा किंचित बुटका असतो, त्यामुळे टाके आणि ओळी सारख्या घेतल्या तर चौकोन चपटा येतो. माझं आवडतं माप 7 टाके आणि 8 ओळी. 10 सेंमीमध्ये 20 टाके आणि 23 ओळी बसत असतील तर हा चौकोन साधारण साडेतीन सेंमीचा, जवळजवळ अचूक चौरस होतो. बारीक दोऱ्याचे दोन पदर आणि 3 ते 3.5 मिमीची सुई घेतली की बऱ्याच जणींचं माप याच्या आसपास येतं, पण हात प्रत्येकीचा वेगळा, कुणाचा घट्ट कुणाचा सैल, तेव्हा नमुना केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ओळी सम संख्येतच घ्या, 6 किंवा 8, हे महत्त्वाचं आहे. पट्टी संपल्यावर कायमचा पदर बदलतो, जुना काठाला सोडून द्यायचा असतो आणि पुढच्या पट्टीनंतर परत उचलायचा असतो. ओळी सम असतील तर तुम्ही फिरून त्याच काठाला येता आणि तो तिथेच तुमची वाट बघत असतो. विषम घेतल्या तर पदर डाव्या काठाला आणि तुम्ही उजव्या, मग दर पट्टीला दोरा तोडा, गाठी मारा, टोकं लपवा. काठाने वर नेलेला पदर शेवटी एक ओळ मुका खांब चारी बाजूंनी घातला की झाकला जातो.

नमुना म्हणून काय करू?

कोस्टर करा. 3 चौकोन आडवे, 3 उभे. म्हणजे 22 साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, एकूण 21 टाके आणि 24 ओळी. चारी कोपरे गडद, मधोमध एक फिका, बाकीचे चार मधले. साडेदहा सेंमीच्या आसपास होतो, चहाच्या कपाखाली लगेच वापरायला येतो आणि याच्यावरूनच पुढचा सगळा हिशोब निघतो.

मॅटचं माप आणि दोऱ्याचा अंदाज सांगा ना.

चौकोनांची संख्या आडवी आणि उभी दोन्हीकडे विषम ठेवा, म्हणजे चारही कोपरे गडद येतात आणि मॅट कुठूनही फिरवला तरी सारखा दिसतो. 13 बाय 9 घेतलं तर 45.5 बाय 31.5 सेंमी होतं, ताट, वाटी आणि पेला आरामात मावतो. 91 टाके, 72 ओळी.

आता दोरा. कोस्टर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, त्याच्या क्षेत्रफळाने भागा आणि 100 चौ. सेंमीला किती ग्रॅम ते काढा. समजा 6 ग्रॅम आलं, तर हा मॅट 1433 चौ. सेंमी म्हणजे साधारण 86 ग्रॅमचा. यात रंगीत आणि पांढरा निम्मा निम्मा नसतो हे लक्षात ठेवा. 117 चौकोनांपैकी गडद 35, फिके 24 आणि मधले 58, म्हणजे पदर मोजले तर रंगीत 128 आणि पांढरे 106. सहा मॅटला रंगीत 300 आणि पांढरा 250 ग्रॅम घेतला की थोडा उरतो. सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉट नंबरचे (म्हणजे एकाच वेळी रंगवलेले) घ्या, नंबर लेबलवर छापलेला असतो. एकाच शेडचे दोन लॉट दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये सारखे दिसतात आणि घरी उजेडात सहावा मॅट वेगळा उठून दिसतो.

मग पूर्ण टेबलक्लॉथ का नको?

हिशोब करून बघा. चार माणसांचं टेबल 120 बाय 75 सेंमीचं असेल आणि चारी बाजूंनी 20 सेंमी खाली यायला हवं असेल तर 160 बाय 115, म्हणजे 18,400 चौ. सेंमी. वरच्याच वजनाने 1.1 किलोच्या आसपास जातं, ओला झाला की बादलीतून उचलवत नाही आणि पावसाळ्यात वाळत नाही. गिंगम मॅटला आणि रनरला उत्तम, मोठ्या टेबलक्लॉथला फिले घ्या, हलकं पडतं, झुळझुळीत पडतं.

फिलेच्या साखळ्यांचं गणित दर वेळी चुकतं.

एका घराला 3 टाके आणि शेवटी बंद करायला 1. पोकळ घर म्हणजे 2 साखळ्या, खालचे 2 टाके सोडून 1 खांब. भरीव घर म्हणजे 3 खांब. ओळ भरीव घराने सुरू होत असेल तर घरं गुणिले 3 अधिक 3 साखळ्या घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. पोकळ घराने सुरू होत असेल तर घरं गुणिले 3 अधिक 5 आणि पहिला खांब आठव्या साखळीत. म्हणजे 30 घरांना 93 किंवा 95. एका घराची चौकडी बुद्धिबळाच्या पटासारखी फार दाट दिसते, त्यापेक्षा 3 बाय 3 घरांचा एक भरीव आणि एक पोकळ चौकोन असा आळीपाळीने घ्या, टेबलाचं लाकूड मधून छान दिसतं. वहीत चौकोनी कागदावर आधी पेन्सिलने रंगवून घ्या, शाळेतली गणिताची वही पुरते.

दोरा कुठला? लोकरीचा चालेल का?

जेवणाच्या टेबलाला सुतीच. ॲक्रेलिक स्वस्त आहे, रंग खूप मिळतात, पण गरम कढईखाली ते मऊ पडतं, चिकटतं आणि पाणीही शोषत नाही. सुतीमध्ये मर्सराइज्ड घ्या, त्याला चमक असते आणि रंग टिकतो. ही प्रक्रिया जॉन मर्सर नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाच्या नावावरून ओळखली जाते, त्याने 1850 साली पेटंट घेतलं, सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की धागा फुगतो, मजबूत होतो आणि रंग जास्त पितो. अँकरचा मर्सराइज्ड दोरा बहुतेक शहरांत सहज मिळतो. हात पुसायचे रुमाल करणार असाल तर मात्र मर्सराइज्ड नको, साधं सूत पाणी जास्त टिपतं. दोऱ्याच्या लेबलवर 10, 20, 40 असा नंबर असेल तर आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक.

आणि सुती आहे म्हणून गॅसवरून उतरवलेलं पातेलं थेट ठेवू नका, एकेरी मॅटमधून धग टेबलाच्या पॉलिशपर्यंत जाते. त्याच्यासाठी दोन चौकोनी मॅट पाठीला पाठ लावून दुहेरी करा.

लाल रंग पांढऱ्यात उतरला तर सगळी मेहनत वाया, आधी कसं कळणार?

विणायच्या आधी रंगीत दोऱ्याचा हातभर तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा आणि पांढऱ्या सुती चिंधीत दाबून वाळवा. चिंधीवर डाग आला तर तो दोरा पांढऱ्याबरोबर वापरूच नका. मीठ किंवा व्हिनेगर घालून घरी रंग पक्का होतो असं खूप जण सांगतात, सुताच्या रंगाला त्याने फारसा फरक पडत नाही, त्यावर भरवसा ठेवू नका. गडद लाल, मरून आणि नेव्ही ब्लू यांची टेस्ट न चुकता करा.

हळदीचा डाग!

शक्य तितक्या लवकर गार पाण्याखाली धरा, मग तेलकटपणा जायला भांड्यांचं लिक्विड लावा. साबण लागला की डाग लालभडक होईल, घाबरू नका, हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, धुतलं की परत पिवळं दिसतं. त्यानंतर कडक उन्हात ओलं वाळत घाला. हळद उन्हाला टिकत नाही, एक दोन उन्हांत बराच डाग जातो. ब्लीच नको, ते रंगीत चौकोनही खातं. पावसाळ्यात ऊन नसेल तर नुसतं धुऊन ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी परत ओलं करून घाला.

धुतल्यावर आकार बिघडतो. ब्लॉकिंग (ओलं काम मापात पसरून, टाचून वाळवणं) करायलाच हवं का?

पहिल्यांदा तरी हवंच, चौकडीला तर नक्कीच, कारण तिरपी झालेली चौकडी लगेच कळते. धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका. मग जाड चादरीवर किंवा मुलांच्या फोमच्या मॅटवर पसरा, फुटपट्टीने कोपरे काटकोनात आणा आणि न गंजणाऱ्या टाचण्या लावा, पूर्ण वाळेपर्यंत. दोरीवर लटकवून वाळवू नका, पाण्याच्या वजनाने लांबतो. रोजच्या धुण्यात मशीनमध्ये टाकायचा असेल तर जाळीच्या पिशवीत घाला. इस्त्री उलट्या बाजूने, वर ओलं फडकं ठेवून.

खळ रनरला आणि कोस्टरला छान, भाताची पेज गाळून पातळ करून किंवा साबुदाण्याची. पण ठेवणीत टाकताना खळ धुऊन टाका, खळीवर कसर येते आणि ती सूतही खाते.

एवढं विणायला वेळ नाही, काही सोपं?

चौकडीचं तयार सुती कापड आणा, कडा दुमडून शिवा आणि चारी बाजूंनी क्रोशाची किनार करा. इथे चौकडी स्वतःच तुमची मोजपट्टी होते, प्रत्येक चौकोनाला समजा 4 टाके ठरवले की मोजायला काहीच नको, किनार कुठे दाटत नाही कुठे सैल पडत नाही. कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर ते नंतर आटतं आणि किनार झालरीसारखी उठते. आधी जाड सुईने ब्लँकेट टाका (कडेवर घालतात तो भरतकामाचा टाका) घाला, त्या टाक्यांत क्रोशाची सुई घाला. कोपऱ्यात एकाच भोकात 3 टाके.

करून विकता येईल का? भाव काय लावायचा?

येईल, पण तासांची मजुरी धरून. दोऱ्याची किंमत, अधिक लागलेले तास गुणिले तुम्हाला पटेल असा तासाचा दर. आंध्रात पश्चिम गोदावरीतल्या नरसापूरच्या आसपास 19व्या शतकात मिशनऱ्यांनी लेस शिकवली आणि तिथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून ती परदेशात जाईल एवढी केली, पण घरात बसून फावल्या वेळात करतात असं म्हणत त्यांच्या हातात मजुरी फार थोडी पडत आली. त्यामुळे "तुम्ही तर घरी बसून करता" असं कुणी म्हटलं तर भाव कमी करू नका. गोव्यात चर्चच्या वेदीवरच्या कापडांना क्रोशाची किनार असते, तिथल्या जाणत्या हातांचं काम बघायला मिळालं तर नक्की बघा, कोपरे कसे वळवलेत ते खास बघा.

वापरून एखादा चौकोन विरला, भोक पडलं, तर फेकायचा का मॅट?

अजिबात नाही. म्हणून तर शेवटी दोन्ही रंगांचा थोडा दोरा जपून ठेवायला सांगते, आणि तो कोरा न ठेवता मॅटबरोबर एकदा धुऊन ठेवा म्हणजे रंग जुळतो. विरलेल्या जागेच्या भोवतीचे धड टाके आधी साध्या दोऱ्याने ओवून पकडून घ्या, मग तुटके धागे काढा, त्याच रंगाचे दोन पदर सुईत ओवून खालच्या ओळीच्या टाक्यांतून वरच्या ओळीच्या टाक्यांपर्यंत तसेच फास काढत जा, टोकं शेजारच्या चौकोनात त्याच रंगात लपवा. भोक एका चौकोनापेक्षा मोठं असेल तर 7 टाके 8 ओळींचा सुटा चौकोन विणून उलट्या बाजूने शिवून टाका.